"एवढी यादी कशाला?" : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार ताई,

'शिप सेलिंगला निघण्याआधी घरात काय काय करून ठेवावं' या लेखावर तुम्ही जे लिहिलंत, ते नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. तुमचे यजमान मर्चंट नेव्हीत आहेत, एकेक काँट्रॅक्ट सात-आठ महिन्यांचं. तुमचं म्हणणं असं की नौदलाचं जहाज पंधरा-वीस दिवसांत परत येतं, शिवाय क्वार्टर, कॅन्टीन, नौदलाचं अश्विनी हॉस्पिटल हाताशी असतं. मग कुलमुखत्यारपत्र (आपल्या वतीने सही-व्यवहार करायचा अधिकार देणारा कागद), नॉमिनेशन, इच्छापत्र अशी यादी देऊन नुकतं लग्न झालेल्या मुलींना घाबरवायचं कशाला? ते अपशकुनी वाटतं. फोन आहे, नेटबँकिंग आहे, एक जॉइंट अकाउंट असलं की झालं.

सवलतींचं म्हणाल तर अगदी मान्य. मध्यरात्री मुलाला ताप चढला तर कुलाब्यात अश्विनी आहे, विशाखापट्टणमला कल्याणी, कोचीला संजीवनी, कारवारला पतंजली. मर्चंट नेव्हीतल्या घराला हा आधार नसतो.

अडचण "फोन आहे" या चार अक्षरी आधाराची आहे. तुमच्याकडे तो खरंच आहे. व्यापारी जहाजांवर आता बहुतेक ठिकाणी इंटरनेट मिळतं. हळू असेल, मोजून मिळत असेल, पण दोन दिवसांनी का होईना उत्तर येतं. नौदलात हेरगिरीच्या प्रकरणात काही खलाशी पकडले गेल्यावर डिसेंबर २०१९ मध्ये जहाजं, तळ आणि डॉकयार्ड इथे स्मार्टफोनवर बंदी आली. आणि किनारा मागे पडला की साध्या फोनलाही रेंज नसते. म्हणजे पंधरा दिवसांचं सेलिंग असलं तरी ते पंधरा दिवस त्याचा नंबर बंद, आणि त्या नंबरावर टांगलेलं घरातलं सगळं बंद.

काय काय टांगलेलं असतं ते बघा. गॅस सिलिंडर दारात येतो, डिलिव्हरीवाला कोड मागतो, कोड गेलेला असतो नवऱ्याच्या मोबाइलवर. कनेक्शन त्याच्या नावाचं असेल तर ई-केवायसीलाही त्याचाच चेहरा किंवा बोटाचा ठसा लागतो. लग्नानंतर आधारवर पत्ता बदलताना "नंबर माझाच टाक" म्हणून त्याचा नंबर दिलेला असतो. मग बायकोचं स्वतःचं आधार उघडायलाही ओटीपी अरबी समुद्रात. मुलांच्या आधारचं तेच. पाच आणि पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर मुलांचे ठसे अद्ययावत करावे लागतात, तेव्हा हा घोळ हमखास वर येतो.

यावर बऱ्याच जणी कॉल फॉरवर्डिंग लावून ठेवतात. त्याने कॉल वळतात, एसएमएस वळत नाहीत, आणि ओटीपी एसएमएसने येतो. दुसरा उपाय म्हणजे त्याचं सिम घरी ठेवणं. तो चालतो, पण रिचार्ज संपू द्यायचा नाही. प्लॅन संपला की काही दिवसांत इनकमिंगही थांबतं आणि ९० दिवस नंबर वापरलाच नाही तर तो बंद होऊ शकतो. सरळ मार्ग हा की गॅस, वीज, शाळा, सोसायटी आणि बायको-मुलांचं आधार हे सगळं तिच्या नंबरवर घ्यायचं. गॅसचा नंबर बदलायला एजन्सीत जावं लागलं तर कनेक्शन ज्याच्या नावावर आहे तोच बरोबर असला की काम एका खेपेत होतं, म्हणून हे सेलिंगआधी उरकायचं.

आता जॉइंट अकाउंट. ते असूनही अडतं, कारण बहुतेक घरांत खातं दोघांचं आणि वापर एकाचा. नेटबँकिंग त्याचं, यूपीआय त्याच्या नंबरवर, एटीएम कार्ड त्याचं आणि पिन "तोच, आपल्या लग्नाच्या तारखेचा". तीनदा पिन चुकला की कार्ड अडकतं, सोडवायला पुन्हा त्याचाच ओटीपी. खातं 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' (दोघांपैकी कोणीही एकट्याने चालवू शकेल असं) आहे की 'जॉइंटली' हे पासबुकच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असतं. 'जॉइंटली' असेल तर प्रत्येक चेकवर दोघांची सही लागते. तिने स्वतःच्या ग्राहक क्रमांकावर स्वतःचा मोबाइल नोंदवायचा, स्वतःचं कार्ड आणि स्वतःचं नेटबँकिंग घ्यायचं. याहून सोपं म्हणजे तिच्या एकटीच्या खात्यात दर महिन्याच्या १ तारखेला ठरावीक रक्कम जाईल अशी स्टँडिंग इन्स्ट्रक्शन देऊन ठेवायची. ही रक्कम बेसिक आणि महागाई भत्ता धरून ठरवायची, समुद्रावरचा भत्ता धरून नाही. तो भत्ता सेलिंगच्या हिशोबाने येतो. जहाज रिफिटला, म्हणजे मोठ्या दुरुस्तीला, बसलं की हातात येणारा पगार खाली येतो आणि हप्ता मात्र तोच राहतो. घराचं कर्ज भत्त्यासकट पगारावर बेतलेली कुटुंबं पुढच्या शोअर पोस्टिंगला (किनाऱ्यावरच्या नेमणुकीला) अडचणीत येतात ती याचमुळे.

पंधरा-वीस दिवसांबद्दल. कधीकधी खरंच तेवढंच असतं. पण एडनच्या आखातात चाचेगिरीविरोधी गस्तीवर आपली जहाजं ऑक्टोबर २००८ पासून सतत आहेत, आणि तिकडे गेलेलं जहाज घरच्या कॅलेंडरप्रमाणे परत येत नाही. मार्च २०२४ मध्ये 'आयएनएस कोलकाता'ने सोमालियाच्या बाजूला 'रुएन' हे अपहृत जहाज सोडवलं, ३५ चाच्यांना ताब्यात घेतलं आणि २३ मार्चला त्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या हवाली केलं. अशी कारवाई कोणी आधी ठरवून निघत नाही. तुमच्याकडे रिलीव्हर, म्हणजे जागा घेणारा माणूस, उशिरा आला तर साइन-ऑफ (जहाजावरून सुटका) लांबतो, हे मला ठाऊक आहे. पण निदान काँट्रॅक्टवर एक तारीख असते आणि कंपनीत फोन उचलणारं कोणीतरी असतं. इथे तारीख कळली तरी ती कोणाला सांगायची नाही. (त्याच लेखाखाली एकीने जहाजाचं नाव आणि परतीचा आठवडा लिहिला होता, तो भाग काढून टाकला आहे. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपलाही हाच नियम लावावा.)

अपशकुनाबद्दल मात्र जरा भांडते. कुलमुखत्यारपत्र देणारा माणूस गेला की ते कायद्याने त्याच क्षणी संपतं. म्हणजे हा कागद उपयोगी पडतो तो माणूस धडधाकट आहे आणि फक्त हजर नाही, एवढ्याचसाठी. त्यात मेल्यानंतरचं काही नाही.

त्याची खरी गरज घर घेताना पडते. बिल्डर कराराची तारीख देतो आणि त्या आठवड्यात जहाज बाहेर असतं. मग कोणीतरी नोटरीकडून केलेलं कुलमुखत्यारपत्र घेऊन दुय्यम निबंधकाकडे जातं आणि परत पाठवलं जातं. नोंदणी कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे दस्त दुसऱ्याच्या वतीने नोंदणीला सादर करायचा असेल, तर भारतात राहणाऱ्या माणसाचं कुलमुखत्यारपत्र तो जिथे राहतो त्या भागातल्या निबंधकासमोर केलेलं आणि त्यांनी प्रमाणित केलेलं लागतं. त्यासाठी तो स्वतः समोर हवा. म्हणून फ्लॅटची नुसती बोलणी सुरू झाली तरी जहाज बंदरात असताना एक दिवस यासाठी काढायचा. 'सर्व अधिकार' देणारं मोघम पत्र करू नये. फ्लॅटचा नंबर, कराराचं काम, कर्जाच्या कागदांवर सही, असं मोजून लिहावं. कर्ज देणाऱ्या बँकेला मसुदा आधी दाखवावा, कारण प्रत्येक बँकेचा विधी विभाग वेगळं वाक्य मागतो आणि ते कळेपर्यंत सही करणारा गेलेला असतो.

नॉमिनेशन हा तर निव्वळ हिशेबाचा भाग. भरती झाल्यावर एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी भरलेल्या कागदांवर आई-वडिलांची नावं असतात. लग्न झालं म्हणून ती आपोआप बदलत नाहीत. इच्छापत्राला दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी सक्तीची नाही. ज्यांच्या नावावर काहीच नाही त्यांनी तो मुद्दा खुशाल सोडावा.

माझ्या मते यादीतला सगळ्यात तातडीचा कागद वेगळाच आहे आणि त्यावर कोणीच हरकत घेतली नाही: विवाहनोंदणी. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली नोंदणी करायला वर, वधू आणि तीन साक्षीदार निबंधकापुढे लागतात. लग्नाची रजा सत्यनारायण, कुलदैवत आणि पाहुणचारात जाते, नोंदणी "पुढच्या सुट्टीत" होते. तोपर्यंत जेनफॉर्म (लग्नाची नौदलातली अधिकृत नोंद) निघत नाही, म्हणजे बायको नौदलाच्या दप्तरी नसते. मग डिपेंडंट कार्ड नाही, आणि क्वार्टरसाठी तिच्या नावाने हालचालही नाही. रत्नागिरीत किंवा साताऱ्यात लग्न झालं असेल तर साक्षीदारांना हळदीच्या दिवशीच सांगून ठेवा की अमुक तारखेला ग्रामपंचायतीत यायचं आहे.

त्यातच नावाचा गुंता. आपल्याकडे लग्नानंतर सायली रमेश परब ही सायली महेश सावंत होते. आधारवर तिन्ही नावं, पॅनवर माहेरचं नाव, नौदलाच्या कागदावर नुसतं सायली सावंत, आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादा 'ए' कमीजास्त. पुढे मुलाच्या जन्मदाखल्यावर चौथाच प्रकार उमटतो, कारण हॉस्पिटलमध्ये फॉर्म भरणाऱ्या आत्याने ऐकलं तसं लिहिलं. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते आणि त्या २१ दिवसांत वडील समुद्रावर असू शकतात. म्हणून आई-वडिलांची नावं सर्व्हिस रेकॉर्डमध्ये जशी आहेत तशी एका कागदावर इंग्रजीत लिहून तो प्रसूतीच्या फायलीत ठेवायचा. ही दुरुस्ती आज टाळली तर वीस वर्षांनी पेन्शनच्या वेळी मानखुर्दला, खलाशांच्या नोंदी ठेवणाऱ्या नौदलाच्या कचेरीत, खेटे घालून करावी लागते.

क्वार्टरबद्दल थोडक्यात. मिळतं, पण रोस्टरप्रमाणे, आणि बदली झाली की सोडायचं असतं. मार्च-इनच्या, म्हणजे क्वार्टर ताब्यात घेण्याच्या, दिवशी एमईएसची (क्वार्टरची देखभाल करणाऱ्या लष्करी खात्याची) यादी हातात घेऊन पंखे, गीझर, खिडक्यांच्या काचा, नळ, सगळं स्वतः मोजावं आणि तुटलेलं तिथल्या तिथे लिहून घ्यावं. नाहीतर मार्च-आउटला, क्वार्टर सोडताना, ते 'बॅरॅक डॅमेजेस' (मोडतोडीची भरपाई) म्हणून आपल्या माथी येतं. आणि बदलीचा खर्च सरकार देतं, पण किती? सातव्या वेतन आयोगाच्या मूळ दराने लेव्हल ४ पर्यंत, म्हणजे लीडिंग रँकपर्यंत, १५०० किलो सामान आणि किलोमीटरला १५ रुपये. पेटी ऑफिसरला ३००० किलो आणि २५ रुपये, चीफपासून पुढे ६००० किलो आणि ५० रुपये. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेला की या दरांत २५ टक्के वाढ. त्याशिवाय बेसिकच्या ८० टक्के बदली अनुदान. मुंबई ते विशाखापट्टणम साधारण १३५० किलोमीटर धरलं तर लीडिंग रँकला मूळ दराने वीस हजारांच्या आसपास बसतात. फ्रिज, वॉशिंग मशीन, दिवाण आणि स्कूटर असलेल्या घराने ट्रकवाल्याला भाव विचारून बघावा.

शेवटी तुमच्याच खात्याबद्दल, कारण "एक जॉइंट अकाउंट असलं की झालं" हे वाचून राहवलं नाही. तुमच्या यजमानांचा पगार एनआरई खात्यात (अनिवासी भारतीयांच्या परदेशी कमाईचं खातं) येत असेल आणि तुम्ही भारतात राहत असाल, तर त्या खात्यात तुमचं नाव 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीनेच लागतं. म्हणजे ते हयात असताना त्या खात्यावर तुमचा हक्क दुसऱ्या खातेदाराचा नसतो. तुम्ही व्यवहार करू शकता ते त्यांच्या कुलमुखत्यार म्हणून, आणि तेही घरखर्चासारख्या भारतातल्या देण्यांपुरते. खातं उघडतानाचा फॉर्म काढून बघा, कुलमुखत्यारपत्राची नोंद आहे का. नसेल तर यजमान पुढच्या जहाजावर साइन-ऑन करण्याआधी दोघांनी मिळून शाखेत जा. बँकेचा स्वतःचा नमुना असतो, तोच वापरा.