ब्रेनिनला ‘सोलो जमलं नाही’ म्हणणाऱ्या कमेंटला उत्तर

कमेंट नीट वाचली. तुमचं म्हणणं असं की व्हायोलिनवादक नॉर्बर्ट ब्रेनिनला मी उगाच डोक्यावर घेतलंय, सोलो जमत नाही तेच व्हायोलिनवाले क्वार्टेटमध्ये, म्हणजे दोन व्हायोलिन, व्हायोला (व्हायोलिनपेक्षा जरा मोठा, खालच्या सुराचा) आणि सेलो अशा चौघांच्या गटात शिरतात, आणि वर त्याचा व्हायब्रेटो, म्हणजे स्वराला दिलेला कंप, जाड आहे.

व्हायब्रेटो रुंद आहेच, कुणाला आवडतो कुणाला नाही, त्यावर वाद नको. पण सोलोचं म्हणाल तर 1946 ला त्यानं कार्ल फ्लेश स्पर्धा जिंकलेली, ती सोलो व्हायोलिनचीच, म्हणजे दार उघडं होतं, तरी जानेवारी 1948 मध्ये लंडनच्या विगमोर हॉलला तो अमेडियस क्वार्टेटचा पहिला व्हायोलिन म्हणून बसला. आपल्याकडे साथसंगतीला दुय्यम मानायची सवय आहे ना, मला वाटतं तुमचं मत तिथूनच आलंय.

संगीतकार हायडनच्या ‘एम्परर’ या क्वार्टेट रचनेची दुसरी मूव्हमेंट (दुसरा भाग) लावा, अमेडियसचंच रेकॉर्डिंग. आधी धून पहिल्या व्हायोलिनकडे असते, मग पहिल्या व्हेरिएशनमध्ये, म्हणजे तीच धून नव्या सजावटीत परत येते तेव्हा, हायडन ती दुसऱ्या व्हायोलिनला देतो, व्हायोला आणि सेलो गप्प, आणि पहिल्यानं फक्त वरून भरभर बारीक स्वरांची नक्षी काढायची. बो (गज) जरा जड पडला की धून झाकली, हात जरा आखडला की नक्षी मेली, आणि समोर कंडक्टर नाही, सगळं शेजारच्याच्या बोवर नजर ठेवून करायचं. पुढे धून सेलोकडे, मग व्हायोलाकडे जाते. सोलोवाल्याला हे आपोआप येतं असं खरंच वाटतं तुम्हाला?

आणि ही माणसं एकत्र आली कशी तेही बघा. ब्रेनिन 1938 ला नाझींमुळे व्हिएन्ना सोडून लंडनला आला, 1940 मध्ये इंग्लंडनं त्यालाच शत्रूराष्ट्राचा म्हणून छावणीत कोंडलं, तिथे पीटर शिडलॉफ भेटला, त्याच्यामुळे पुढे झिगमुंड निसल. तिघांना व्हायोलिनचे गुरू मॅक्स रोस्टालनं फी न घेता शिकवलं, तिघंही व्हायोलिनवाले, मग क्वार्टेटसाठी शिडलॉफनं व्हायोला हातात घेतला. सेलोवर मार्टिन लव्हेट, तो तेवढा इंग्लंडचा. तेच चौघं शेवटपर्यंत, एकही बदल नाही.

1987 ला शिडलॉफ गेला आणि उरलेल्या तिघांनी क्वार्टेटच बंद केला. मागण्या होत्या, नाव होतं, चांगल्या व्हायोलावाल्यांचा काही दुष्काळ नव्हता. नाइलाज म्हणून क्वार्टेट धरलेल्या माणसाला एक नवा व्हायोलावाला बसवून पुढे जायला काय हरकत होती, सांगा मला.