कॅरेज ढकलली, कागद सरकला नाही

आमची सोसायटी घोडबंदर रोडला, एकूण फ्लॅट 84, आणि मेंटेनन्सच्या सगळ्या पावत्यांच्या पीडीएफ एकाच फोल्डरमध्ये कोंबलेल्या. सेक्रेटरीकाका म्हणाले फ्लॅटवार लावायला हव्यात, आणि मी भर मीटिंगमध्ये बोलून बसलो की दोन मिनिटांचं काम आहे, स्क्रिप्ट मारतो, म्हणजे कमांड लिहून कॉम्प्युटरकडूनच करून घेतो.

घरच्या लॅपटॉपवर विंडोज, म्हणून सिग्विन टाकलं, म्हणजे युनिक्सच्या कमांड विंडोजवर. विंडोजच्या साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये फाइंड, म्हणजे फाइली शोधायची युनिक्सची कमांड, मारलं तर 'पॅरामीटर फॉरमॅट नॉट करेक्ट'. अर्धा तास मी स्वतःचंच स्पेलिंग तपासतोय! मग कळलं की विंडोजचा पण एक फाइंड आहे, तो फाइली नाही तर फाइलींच्या आतला मजकूर शोधतो, आणि पाथमध्ये, म्हणजे कमांड कुठे शोधायची त्या फोल्डरांच्या यादीत, विंडोजचं सिस्टम32 आधी लागतं म्हणून हाक मारली की तोच ओ देतो. आमच्याकडे ए विंगला एक जोशी, बी विंगला एक जोशी, कुरियरवाला कायम गेटजवळच्याच जोशींची बेल वाजवतो, तसंच.

मग सिग्विनचंच टर्मिनल उघडलं. फ्लॅटची यादी नोटपॅडमध्ये टाइप केली, स्क्रिप्टने एकेक नंबर वाचायचा, फोल्डर करायचा आणि 'ए-101 चा फोल्डर तयार' असं छापायचं, एवढंच. छापलं काय, तर नुसतं 'चा फोल्डर तयार', 'चा फोल्डर तयार'. कोणाचा?? फ्लॅट नंबर गायब, आणि तिकडे एक्सप्लोररमध्ये प्रत्येक फोल्डरच्या नावामागे एक टिकली.

बाबा मागे चहा पीत उभे. नौपाड्यात टायपिंग शिकलेला माणूस. म्हणाले, "अरे, कॅरेज मागे ढकललीय पण कागद वर सरकवलाच नाही, मग त्याच ओळीवर परत टाइप होणार ना!"

मी थक्क. शब्दशः तेच होतं. नोटपॅड ओळ संपवताना दोन खुणा टाकतं, 13 म्हणजे कॅरेज मागे आणि 10 म्हणजे कागद वर, युनिक्सवाले फक्त 10 वर भागवतात, त्यामुळे तो 13 फ्लॅट नंबरच्या शेपटाला चिकटून आत आला आणि कर्सर ओळीच्या सुरुवातीला नेऊन बसवला. यादीतले सगळे 13 उडवले, टिकलीवाले फोल्डर डिलीट केले, परत चालवलं, झालं.

"पण टिंग नाही वाजलं," बाबा म्हणाले. टाइपरायटरला ओळ संपत आली की वाजायचं ते. आता त्यांचा हट्ट, आणि आस्कीत, म्हणजे 13 आणि 10 ज्यातले त्या खुणांच्या नंबरांच्या तक्त्यात, 7 नंबर घंटेचाच, म्हणून घातला प्रत्येक फ्लॅटमागे.

चौऱ्याऐंशी वेळा टुंग टुंग. आतून आई, "अरे कुणीतरी दार उघडा, कधीचं कोण वाजवतंय!"