खुलासा : मोबाईलमधलं एआय शेतातले न्यूट्रॉन मोजत नाही

यवतमाळकडच्या शेतकरी गटांवर मेसेज फिरतोय: ‘आता यंत्र नको, मोबाईलमधलं एआयच शेतातल्या न्यूट्रॉनची ऊर्जा सांगतं.’ हे साफ चूक आहे. मी विज्ञान शिकवतो, म्हणून कळकळीनं लिहितोय.

न्यूट्रॉन म्हणजे अणूच्या गाभ्यातला सूक्ष्म कण. त्यावर विद्युतभार नसतो, त्यामुळे त्याची ऊर्जा थेट वाचता येत नाही. १९६० पासून वापरात असलेले बॉनर गोल घ्या: न्यूट्रॉनला मंद करणाऱ्या पॉलिथिलीन प्लास्टिकचे लहानमोठे गोल, मधोमध मंद झालेले न्यूट्रॉन टिपणारं यंत्र, म्हणजे डिटेक्टर. गोलाच्या आकारानुसार वेगवेगळ्या ऊर्जेचे न्यूट्रॉन जास्त टिपले जातात. पण कुठलाच गोल एकाच ऊर्जेपुरता नसतो. तुरीच्या ढिगाला सात-आठ ढिल्या चाळण्या लावायच्या आणि खाली पडलेल्या वजनांवरून कोणत्या आकाराचे किती दाणे होते ते सांगायचं, तसं हे कोडं. मापं मोजकी, अज्ञात डझनावारी. एकाच मापाला अनेक उत्तरं बसतात.

मशीन लर्निंग, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारं एआय, इथंच कामी येतं. संगणकावर तयार केलेले असंख्य वर्णपट (कोणत्या ऊर्जेचे किती न्यूट्रॉन, याचे तक्ते) दाखवून मॉडेलला शिकवतात, मग ते सर्वांत संभवनीय उत्तर सुचवतं. शिकवणीबाहेरचा वर्णपट आला तर चुकूही शकतं, म्हणून उत्तर मापांशी पुन्हा ताडून पाहावं लागतं. आणि ती मापं डिटेक्टरचीच.

अंतराळातल्या किरणांमुळे थोडे न्यूट्रॉन प्रत्येक शिवारात असतातच. पऱ्हाटीची काळजी नको. असल्या ॲपला पैसे भरू नका.