वाघ दिसला का बे?

गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधच्या जंगलातून परतलो आणि सोमवारी ऑफिसात पहिला प्रश्न हाच. नाही म्हटलं तर गड्याच्या चेहऱ्यावर अशी कीव, जसा काही मी लग्नाला जाऊन उपाशी परतलो.

आपण नागपूरकर या बाबतीत लाडावलोय. पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला सगळं हाताशी, म्हणून वाघ म्हणजे तर्री-पोहे. गेलं की मिळायलाच पाहिजे. (उमरेडचा आपला लाडका वाघ ‘जय’ नागझिऱ्यातूनच चालत आला होता, बरं का.) नवेगाव-नागझिऱ्यातही वाघ आहेत. २०२३ मध्ये ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या. पण नवेगावला मी जातो ते पाण्यासाठी.

साकोली सोडली, कोहमाऱ्याहून वळलं की दोन्हीकडं धानाच्या बांध्या. अख्ख्या सकाळी आमच्या जिप्सीला दुसरी गाडी एकदाच भेटली. तळ्याकाठी इंजिन बंद केलं. समोर कमळपक्षी. पाय टाकला की पान हळूच पाण्याखाली जायचं, ते बुडायच्या आत याची लांबलचक बोटं पुढच्या पानावर. अंडी नर उबवतो, मादी दुसऱ्या संसाराला मोकळी, असं गाइड म्हणाला तेव्हा बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी अडई बदकं मोजत बसलो.

आता माझी तक्रार. नवेगावचा मोठा तलाव निसर्गानं दिलेला नाही. कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, असं तिकडं सांगतात. कोहळी या शेतकरी समाजानं धानासाठी पाणी अडवलं, डोंगर बघून पाळ म्हणजे बांध घातला. भंडारा-गोंदियात असे मामा तलाव गावोगाव आहेत. “कोणाच्या मामाचे?” पोरानं विचारलं. अरे, माजी मालगुजारी! सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची ती मालगुजारी गेली, नाव आखूड होऊन उरलं.

बदकं येतात ती या तलावांवर, सारस चरतो तो याच पाण्यावरच्या बांध्यांत. आणि आपण २०१३ च्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचं कौतुक करताना पाळ बांधणाऱ्याचं नाव घेत नाही. वाटेत एका गावाजवळ असाच एक तलाव दिसला. निम्मा गाळ, निम्मी बेशरमाची झुडपं. तिथं कोण जिप्सी थांबवणार?

ऑफिसातल्या मित्राला कमळपक्ष्याचा फोटो दाखवला. “पानं दिसून राहिली फक्त,” म्हणे. चूक त्याची नाही, मोबाइलवर काढला होता. दुर्बीण आणि कॅमेरा, दोन्ही घरी सोफ्यावर राहिले होते.