जुलाबांचा उल्लेखच नाही

लशीमुळे जीबीएस (गिलेन-बारे सिंड्रोम, ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर हल्ला करते) होतो हे सांगताना तुमच्या जीबीएसवरच्या लेखात १९७६ च्या अमेरिकेतल्या स्वाइन फ्लू लशीचं उदाहरण दिलंय. ते खरं आहे, पण तेव्हाचा जादा धोका साधारण लाखात एकाला होता, हा आकडा का गाळला? आणि कॅम्पायलोबॅक्टर या जिवाणूमुळे होणाऱ्या जुलाबांनंतर हा आजार होऊ शकतो, हे कुठेच नाही! २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोडला या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा संशय दूषित पाण्यावरच होता.

माझ्या दिरांना हा आजार झाला तेव्हा दादरच्या पुलाचा जिना चढताना पायातली चप्पल निसटलेली कळलीच नाही. आधी पोट बिघडलं होतं. घरात मात्र सगळे लशीला दोष देत बसले, त्यात न्यूरॉलॉजिस्टकडे जायला उशीर झाला. मुंग्या पायांतून वर चढत असतील तर थांबू नका, श्वासाचे स्नायूही दुबळे पडू शकतात. हे लेखात ठळक यायला हवं होतं.