‘भक्त म्हणजे विभक्त नव्हे’, पण पुढची ओळ कुठे गेली?

आषाढी जवळ आली की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ‘वि’ म्हणजे नाही, म्हणून विभक्त नाही तो भक्त, हे खुद्द समर्थांनी सांगितलंय. भक्ताच्या मनात शंका किंवा तक्रार आली की तो विभक्त झालाच. आणि भक्ती फक्त देवाची असते. बाकी सगळी, टोमणा म्हणून वापरल्या जाणाऱ्या ‘भक्त’सकट, अलीकडची भेसळ.

आधी त्या ‘वि’चं पाहू. ‘वि’ म्हणजे सरसकट ‘नाही’ असेल तर विज्ञान म्हणजे अज्ञान आणि विजय म्हणजे हार म्हणावी लागेल. भक्त आणि विभक्त ही दोन्ही रूपं ‘भज्’ या एकाच धातूची. त्याचा मूळ अर्थ वाटणे, वाटा घेणे. भाग, विभाग, भाजक ही सगळी त्याच घरची मंडळी, आणि शाळेत घोकलेल्या विभक्तीसुद्धा. संस्कृतात ‘भक्त’ म्हणजे वाटून दिलेलं, आणि शिजवलेलं अन्नही. प्राकृतात त्याचं ‘भत्त’ झालं, मराठीत भात. वाटा घेण्यावरून सहभागी होणं, जवळ जाणं, सेवा करणं असा अर्थ पुढे सरकत गेला. ‘वि’ लागला की वाटे वेगळे झाले, एवढंच.

राहिले समर्थ रामदास. ओवी खरी आहे, दासबोधाच्या चौथ्या दशकातल्या नवव्या समासातली. पण मजकुरात ती अर्धीच येते. पूर्ण अशी: ‘भक्त म्हणिजे विभक्त नव्हे । आणी विभक्त म्हणिजे भक्त नव्हे । विचारेंविण कांहींच नव्हे । समाधान ॥’ लगेच पुढची ओवी ‘तस्मात् विचार करावा’ म्हणून सुरू होते. विचार बंद करा हे सांगायला नेमकी हीच ओवी सापडावी, याला काय म्हणावं! शिवाय हा समास आत्मनिवेदनाचा, म्हणजे नवविधा भक्तीतल्या शेवटच्या पायरीचा. त्याआधी श्रवण, कीर्तन, स्मरण यांपासून सख्यापर्यंत आठ प्रकार आहेत. ते करणाराही भक्तच. आणि समर्थ तिथे शब्दाचा खेळ करून वेदान्त सांगताहेत, व्युत्पत्ती शिकवत नाहीत.

शंकेचं म्हणाल तर गीतेच्या सातव्या अध्यायात भजणाऱ्यांचे चार प्रकार दिलेत: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. जिज्ञासू म्हणजे विचारणाराच की. अर्थार्थी तर सरळ काहीतरी मागायला आलेला. ज्ञानी सगळ्यांत वरचा खरा, पण ‘उदाराः सर्व एवैते’ म्हणून चौघांनाही उदार ठरवलंय.

तक्रारीला तर आपल्याकडे तोटाच नाही. चोखोबा विठूला धावून ये म्हणतात, बडवे मारताहेत, माझा काय अपराध, असं विचारतात. जनाबाई अंगणात उभी राहून ‘अरे विठ्या विठ्या’ अशी सुरुवात करते आणि पुढचे शब्द चारचौघांत उच्चारायची आजही चोरी. शेवटी स्वतःच सांगते, ‘शिवी देत दासी जनी’. तुकोबा ‘माझे लेखीं देव मेला’ म्हणून मोकळे होतात. मजकुराच्या नियमाने या तिघांनाही भक्तांच्या यादीतून काढावं लागेल. इतकं हक्काने भांडण परक्याशी होत नसतं.

मराठीची रोजची वाक्यरचनाही बघा. श्रद्धा देवा‘वर’ असते, भक्ती देवा‘ची’ करतात. श्रद्धा ठेवून गप्प बसता येतं. भक्तीला क्रियापद लागतं, काहीतरी करावं लागतं. आणि भक्त मुळातच आंधळा असता, तर ‘अंधभक्त’ हा शब्द घडवायची गरजच पडली नसती. हल्ली नुसता ‘भक्त’ही टोमणा म्हणून वापरतात, तो सैलपणा मलाही खटकतो. मजकुराचं तेवढं गाऱ्हाणं मान्य.

पण म्हणून ‘भक्ती फक्त देवाची’ हे खरं ठरत नाही. पाणिनीच्या अष्टाध्यायीत, म्हणजे संस्कृत व्याकरणाच्या मूळ ग्रंथात, ‘भक्तिः’ असं एक सूत्रच आहे: अमुक ज्याची भक्ती, त्याला काय म्हणावं, याचं. काशिकावृत्ती या त्यावरच्या जुन्या टीकेतली उदाहरणं वाचण्यासारखी आहेत. स्रुघ्न या गावाची ज्याला ओढ तो स्रौघ्न. अपूपांवर, म्हणजे वड्या-घारग्यांसारख्या गोडधोडावर, ज्याचा जीव तो आपूपिक. पायसावर, म्हणजे खिरीवर, असेल तर पायसिक. त्यानंतर दोनच सूत्रांनी वासुदेवाचा भक्त वासुदेवक येतो, आणि त्याच सूत्रात अर्जुनाचा अर्जुनकही.