पाकीट आणि तीस पौंड

परवा आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडण झालं. राजकारणावरून नाही, चक्क १९६५ च्या एका गाण्यावरून. एकाने टाकलं की बर्ड्स या अमेरिकन बँडच्या 'मिस्टर टॅम्बरीन मॅन'मध्ये बर्ड्सपैकी वाजवलंय फक्त रॉजर मॅक्ग्विनने, त्याची ती बारा तारांची गिटार तेवढी खरी, ड्रम हॅल ब्लेनचे, बेस लॅरी नेक्टलचा, बाकी बर्ड्सनी फार तर मागे आवाज दिलाय. लगेच दुसऱ्याचा मेसेज, "म्हणजे फ्रॉडच की रे!" आणि खाली हसणाऱ्या तोंडांची रांग.

मी तेव्हा लोकलमध्ये लोंबकळत होतो, एका हाताने टाइप करून काय कप्पाळ भांडणार, म्हणून आता इथे लिहितोय. लांबण लागणारे, चहा घेऊन बसा.

माझा मामा पंचवीस वर्षं ऑर्केस्ट्रात होता. आधी बाँगो-कोंगो, मग ऑक्टोपॅड आला तेव्हा कर्ज काढून ऑक्टोपॅड घेतला. एका नाइटचं एक पाकीट, हा हिशोब. मधेमधे भक्तिगीतांच्या कॅसेटला स्टुडिओत बोलवायचे, तिथेही पाकीटच. कॅसेटवर गायकाचा फोटो, देवाचा फोटो, कंपनीचं नाव, आणि मामा कुठेच नाही. त्यामुळे 'बाहेरून आलेला वादक' म्हटलं की आमच्या घरात कुणाला फ्रॉड वगैरे आठवत नाही, रात्री अडीचला जिना चढून येणारा आणि दार हळू लावणारा माणूस आठवतो.

आणि तिकडेही हिशोब अगदी हाच. लॉस एंजेलिसला तीन तासांचं सेशन, वादकांच्या युनियनने ठरवलेला दर, स्टुडिओचं मीटर चालू. कंपनीला पंचवीस टेक घेणारी पोरं परवडत नव्हती. मॅक्ग्विनने स्वतःच सांगितलंय की त्या वादकांबरोबर तीन तासांत दोन गाणी झाली आणि पुढे 'टर्न! टर्न! टर्न!' बँडने स्वतः वाजवलं तर सत्त्याहत्तर टेक लागले. आता बोला.

हॅल ब्लेन म्हणजे तर वल्लीच. 'बी माय बेबी'च्या सुरुवातीचा तो धूम, धूम-धूम, टाक, तो त्याचा. बीच बॉइजच्या 'पेट साउंड्स' अल्बमवर तो. १९६६ ते १९७१ सलग सहा वर्षं ज्या गाण्यांना रेकॉर्ड ऑफ द इयरचं ग्रॅमी मिळालं त्या सहाही गाण्यांवर ड्रम याचे, सिनात्रापासून सायमन-गारफंकेलपर्यंत. त्याने एक रबरी शिक्का बनवून घेतला होता, 'हॅल ब्लेन स्ट्राइक्स अगेन', आणि जिथे वाजवायचा तिथे नोटेशनच्या कागदावर, भिंतीवर, दिसेल तिथे मारायचा. लोक हे विनोद म्हणून सांगतात. मला नाही बुवा हसू येत, रेकॉर्डच्या कव्हरवर नाव येत नसेल तर माणूस भिंतीवर मारणारच ना शिक्का.

तर फ्रॉड नाही. पण मग सगळं आलबेल होतं का, तर तेही नाही, आणि माझं खरं म्हणणं इथून पुढे आहे. या लोकांना वाजवण्याचे पैसे मिळाले, सुचण्याचे मिळाले नाहीत. हात भाड्याने घेतला आणि डोकं फुकटात आलं.

कॅरल के घ्या. बाई मूळची गिटारवाली, १९६३ मध्ये एका सेशनला बेसवाला आला नाही म्हणून बेस हातात घेतला आणि मग तीच तिची ओळख झाली. सनी आणि शेरचं 'द बीट गोज ऑन' ऐकलंय? गाणं सगळं एका कॉर्डवर, म्हणजे सुरांच्या एकाच जुडग्यावर उभं. ती सांगते की काहीतरी हलतं पाहिजे म्हणून तिने तिथल्या तिथे दोनचार लाइनी वाजवून बघितल्या, त्यातली एक पसंत पडली. आज त्या गाण्यातनं ती बेसलाइन काढा आणि काय उरतं बघा. गीतकार-संगीतकार म्हणून नाव सनी बोनोचं. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने तिला घ्यायचं जाहीर केलं, तर नव्वदीतल्या या बाईने येणार नाही म्हणून कळवलं. झकास!

दुसरा हर्बी फ्लॉवर्स. लंडन, १९७२, लू रीडचं 'वॉक ऑन द वाइल्ड साइड'. कागदावर दोनच कॉर्ड. याने आधी उभ्या डबल बेसवर घसरत जाणारी ती ओळ वाजवली आणि मग म्हणाला, याच्यावर इलेक्ट्रिक बेसवर अजून एक घालू का? का, तर युनियनच्या नियमाने दुसरं वाद्य वाजवलं की पैसे दुप्पट! तो स्वतः हसत हसत सांगायचा, सतरा पौंड मिळाले म्हणून. ते गाणं जगाला पहिल्या दोन सेकंदांत ओळखू येतं, म्हणजे लू रीडने तोंडही उघडलेलं नसतं.

कायद्याच्या भाषेत शब्द आणि चाल म्हणजे 'गाणं', आणि बाकीचं सगळं, मग तो बेस असो, गिटारचा तुकडा असो, ते नुसतं 'वाजवणं'. ही रेघ कुणी आखली, तर अर्थातच ज्यांची नावं रेघेच्या वरच्या बाजूला येतात त्यांनी.

ही रेघ एका बाईने हलवली. क्लेअर टॉरी. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडच्या 'डार्क साइड' अल्बममधलं 'द ग्रेट गिग इन द स्काय', तो शब्दांशिवायचा आकांत. जानेवारी १९७३. ॲबी रोड स्टुडिओतल्या रेकॉर्डिंग इंजिनीअर ॲलन पार्सन्सने तिचं नाव सुचवलं, फोन गेला, तर शनिवारी तिच्याकडे चक बेरीच्या कार्यक्रमाची तिकिटं होती म्हणून बाईने रविवार दिला. पंचवीस वर्षांची पोरगी, इतरांची हिट गाणी स्वस्तातल्या रेकॉर्डसाठी पुन्हा गाऊन पोट भरणारी. तिथे गेल्यावर सांगितलं काय, तर हे मृत्यूबद्दल आहे, शब्द नाहीत, गा. चाल? चाल नाही. रिचर्ड राइटचा पियानो वाजतोय, त्यावर काय ते तू बघ. तिने आधी 'ऊ बेबी' वगैरे केलं, ते म्हणाले शब्द नको. मग तिने ठरवलं की आपण गायिका नाहीच, आपण एक वाद्य आहोत. दोन टेक पूर्ण केले, तिसरा अर्ध्यावर सोडला, म्हणाली आता तेच तेच व्हायला लागलंय. (अर्ध्यात थांबायची ही अक्कल फार थोड्यांना असते.) हे काही वापरणार नाहीत अशी खात्री बाळगून घरी गेली, आणि रेकॉर्डवर आपलं नाव आहे हे तिला कळलं कुठे, तर दुकानात!

तीस पौंड मिळाले. अल्बम चार कोटींच्या वर खपला. २००४ मध्ये ती कोर्टात गेली, म्हणाली ती सुरावट माझी आहे, २००५ मध्ये तडजोड झाली, आणि तेव्हापासून त्या गाण्यावर राइटच्या जोडीला तिचंही नाव लागतं. नुसती गायिका म्हणून नाही, रचनाकार म्हणून.

आता यावर आमच्या ग्रुपवरचा एक सीए म्हणणार, अल्बम पडला असता तर तिने तीस पौंड परत दिले असते का? मुद्दा बरोबर आहे. धोका कंपनीचा, बँडचा. ठरलेले पैसे घेऊन निवांत घरी जाणं पुष्कळांना हवंच होतं. पैशाचं सोडा मग. नावाचं काय? नाव छापायला किती शाई लागते? मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचे वादक वर्षानुवर्षं एकामागून एक हिट वाजवत होते, त्यात जेम्स जेमरसनसारखा बेसवाला, आणि त्यांची नावं कव्हरवर आली १९७१ मध्ये, मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर.

छापायची म्हटलं तर छापता येत होती. १९६६ मध्ये बीटल्सच्या 'लव्ह यू टू'ला लंडनमधल्या अनिल भागवतांना तबल्यासाठी बोलावलं, कुणाकडे जायचंय हे त्यांना माहीतच नव्हतं, दारात रोल्स-रॉइस आली तेव्हा उजेड पडला, आणि स्टुडिओबाहेर थर्मास नि सँडविच घेऊन पोरी ठाण मांडून बसलेल्या. ते गाणं ज्यात आहे त्या 'रिव्हॉल्व्हर' अल्बमच्या मागे भागवतांचं नाव आहे. आणि पुढच्याच वर्षी 'सार्जंट पेपर'वरच्या दिलरुबा-तबला-तंबोरावाल्यांचं नाही. तोच बँड, तोच स्टुडिओ! मग जानेवारी १९६८ मध्ये बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन मुंबईत आला, फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत आपल्या वादकांना घेऊन 'वंडरवॉल म्युझिक'चं रेकॉर्डिंग केलं, त्याच आठवड्यात 'द इनर लाइट' या बीटल्सच्या गाण्याचा ट्रॅकही. 'वंडरवॉल'च्या कव्हरवर शिवकुमार शर्मा आहेत संतूरला, बासरीला एस. आर. केंकरे आहेत. स्पेलिंगची काही ठिकाणी वाट लागलीय, पण आहेत.

हे सगळं डोक्यात होतं म्हणून रविवारी मामाकडे गेलो तेव्हा मोबाइलवर त्याला 'ग्रेट गिग' ऐकवलं. त्याला पिंक फ्लॉइड म्हणजे काय ते माहीत नाही. डोळे मिटून पूर्ण ऐकलं, गुडघ्यावर बोटं चालू. मग म्हणाला, "हिला किती दिले रे?"

"तीस पौंड, मामा."

"कुठला वार होता?"

"रविवार."

"मग डबल धरून तीस," तो म्हणाला. आणि खरंच रविवारचा डबल दर होता. मग चष्मा चढवून फोन स्वतःच्या हातात घेतला आणि विचारलं, "मागे घ्यायचं कुठे दाबून?"